वारुळावरची कात : सापाला ‘मदत’ करण्याचा तीन हजार वर्षांचा इतिहास

माधवनगरच्या एका तरुण वाचकाने मागच्या आठवड्यात एक छायाचित्र पाठवले. काचेच्या पेटीत वेटोळे घालून बसलेला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. अंगावर जागोजागी कोरड्या, पांढुरक्या पापुद्र्यांची ठिगळे. शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीचे कडे घट्ट बसलेले. डावा डोळा उजव्याहून निस्तेज. सोबत एका ओळीचा प्रश्न : ‘कात अर्धवट राहिली आहे, चिमट्याने ओढून काढू का?’

त्याला तातडीचे उत्तर त्याच रात्री दिले : ओढू नकोस. पण ‘का नको’ याचे उत्तर एका ओळीत मावणारे नव्हते. आपल्या या मालिकेत एरवी ताम्रपट, गढ्या आणि बखरी यांचा राबता असतो; आज त्यांच्या जागी सापाची कात आहे. कारण ही वस्तू आपल्या वाङ्मयात जितकी जुनी आहे, तितक्या जुन्या वस्तू फार थोड्या आहेत. आणि सांगली जिल्ह्याइतका या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला क्वचितच असेल. थ्रेड लांब आहे. सवडीने वाचा.

आरंभ ऋग्वेदापासून. नवव्या मंडलात सोमरस गाळणीतून पाझरतो, त्याला उपमा दिली आहे ती जुन्या कातडीतून सरपटत बाहेर पडणाऱ्या सापाची. उपमा नीट पाहा. पाझरणारा द्रव आणि कात टाकणारा साप यांत कवीला साम्य दिसले ते गतीचे : सलग, ओले, कुठेही न अडखळणारे. निरोगी साप खरोखरच अशी कात टाकतो. नाकपुडीपाशी कातडी सुटते, साप पुढे सरकत राहतो आणि अंगरख्याची बाही उलटी व्हावी तशी जुनी त्वचा आतली बाजू बाहेर करीत मागे राहते. हे दृश्य ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही, त्याला ही उपमा सुचली नसती.

त्यानंतरचे साक्षीदार म्हणजे बृहदारण्यक उपनिषद, साधारणपणे इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातले मानले जाणारे. याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की, मुक्त झालेल्या पुरुषाचे शरीर कसे पडून राहते, तर सापाने टाकलेली निर्जीव कात वारुळावर पडून राहावी तसे. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक या वाक्यातल्या शरीराकडे पाहतात, आपण वारुळाकडे पाहू. कात रस्त्यावर, झाडावर किंवा दगडावर पडली आहे असे याज्ञवल्क्य म्हणत नाही. ती वारुळावर आहे असे म्हणतो. हा तपशील सजावटीचा नाही. त्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

पंचविंश ब्राह्मणात एक विलक्षण कथा आहे. सर्पांनी सत्र केले, म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ केला, आणि त्यामुळे त्यांना मृत्यूवर जय मिळाला. म्हणून ते जुनी त्वचा टाकून पुढे सरपटत जातात. सर्पसत्र म्हटले की आपल्याला आठवते ते महाभारतातले, जनमेजयाने सर्पांना जाळण्यासाठी मांडलेले आणि आस्तिकाने थांबवलेले. ब्राह्मणग्रंथातले सर्पसत्र नेमके उलट आहे : तेथे यजमानच सर्प आहेत. एकाच नावाच्या दोन यज्ञांत साप एकदा अमर होतो आणि एकदा आहुती पडतो. सापाविषयीची आपली पुढची सगळी द्विधा या दोन कथांत सामावलेली आहे, असे मला वाटते. बौद्ध परंपरेत सुत्तनिपातातले पहिलेच सुत्त ‘उरग’ नावाचे आहे आणि त्याचे धृपद जीर्ण कातडी टाकणाऱ्या सापावर रचलेले आहे.

संस्कृतात कातीला ‘निर्मोक’ म्हणतात, म्हणजे सुटून गेलेले. आणि ‘कंचुक’ही म्हणतात, म्हणजे अंगरखा. आपली काचोळी याच कुळातली. मराठीने मात्र ‘कात’ हा आखूड शब्द धरून ठेवला आणि त्यातून असा वाक्प्रचार घडवला की, आज बसस्थानकाला रंग दिला तरी वृत्तपत्रात ते ‘कात टाकते’. वाक्प्रचाराने एक घोटाळा मात्र करून ठेवला आहे. कात टाकणे म्हणजे आपल्याला एका झटक्यात होणारे नूतनीकरण वाटते. सापाच्या बाबतीत तो कित्येक दिवस आत चाललेल्या कामाचा शेवटचा अर्धा तास असतो.

हे आतले काम प्राचीनांनी कुठवर ओळखले होते? ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, सापाची कात प्रथम डोळ्यांपासून सुटू लागते, त्यामुळे अजाण माणसाला साप आंधळा होत आहे असे वाटते. मग डोके मोकळे होते आणि साधारण एका अहोरात्रात सगळी कात निघते. डोळ्यांचा तपशील अचूक आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक, चष्म्याच्या काचेसारखा खवला असतो आणि तोही प्रत्येक कातीबरोबर बदलला जातो. कात जवळ आली की तो दुधाळ, निळसर दिसू लागतो. ॲरिस्टॉटलने पुढे असेही म्हटले आहे की, गर्भ जसा आपल्या वेष्टनातून बाहेर येतो, तसा साप कातीतून येतो.

आता योगायोग पाहा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूती अडली असता काळ्या सापाच्या कातीची धुरी द्यावी असे सांगितले आहे. एकाला साप पाहून गर्भ आठवला, दुसऱ्याला गर्भ अडलेला पाहून साप. कातडीतून सहज सुटणाऱ्या जिवाची वस्तू जवळ केली, तर दुसरा जीवही सहज सुटेल, ही त्यामागची समजूत असावी. औषध म्हणून तिचे मोल काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ‘कात सहज सुटते’ हे त्या काळच्या माणसांना इतके गृहीत होते, हे महत्त्वाचे. रानातल्या सापाची कात खरोखरच सहज सुटते. न सुटण्याची तक्रार जन्माला आली ती माणसाने साप घरात आणल्यावर.

सापाला कात टाकायला ‘मदत’ लागते, ही कल्पना मात्र फार जुनी आहे. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की, हिवाळ्यानंतर साप बडीशेपेच्या झाडाला अंग घासून जुनी कातडी काढतो आणि तिच्याच रसाने दृष्टी परत मिळवतो. खवले जड झाले, तर काटेरी झुडपावर अंग खाजवतो. बडीशेपेचा भाग कल्पित आहे.  काटेरी झुडपाचा भाग खरा आहे. सापाला हात नाहीत; नाकाशी सुटलेली कड अडकवायला त्याला काहीतरी खरखरीत लागतेच, मग तो दगड असो, मूळ असो किंवा बुंध्याची साल. गुळगुळीत काचेच्या पेटीत, गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या सापाकडे तेही नसते. माधवनगरच्या छायाचित्रात मला सर्वांत आधी जाणवले ते हेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू.

सांगली जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला, तर जणू दोन वेगवेगळे प्रदेश लागतात. पश्चिम टोकाला चांदोलीचे दाट, पावसाने निथळणारे जंगल. पूर्वेला जत-आटपाडीचा कोरडा माळ. माधवनगर मधल्या पट्ट्यात, सांगलीला लागून. नाग, धामण, घोणस हे साप या दोन्ही टोकांना राहतात आणि दोन्हीकडे कात टाकतात. जतच्या माळावर वैशाखात हवा इतकी कोरडी असते की, धुतलेले कापड पाहता पाहता वाळते. तेथे सापाला कातीसाठी लागणारा ओलावा कुठून मिळतो?

वारुळातून. वारूळ साप बांधत नाही, वाळवी बांधते. आपल्याकडची वारूळ उभारणारी वाळवी आत बुरशीची बाग लावते आणि त्या बुरशीला सतत दमट, समशीतोष्ण हवा लागते. म्हणून बाहेर कितीही ऊन असले, तरी वारुळाच्या पोटात हवा ओलसर आणि तापमान बरेचसे स्थिर असते. साप तेथे थंडाव्याला शिरतो, डोळे दुधाळ झाले की दडून बसतो, आणि दृष्टी परत आली की बाहेर येऊन, वारुळाच्याच खरखरीत मातीवर नाक घासून कात सोडतो. याज्ञवल्क्याने पाहिलेली कात वारुळावर का होती, याचे उत्तर हे आहे. उपनिषदातली ती उपमा म्हणजे सापाच्या अधिवासाची आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद म्हणायला हरकत नाही.

आपल्या आजी-पणजी नागपंचमीला वारुळाची पूजा करायला जात, त्या दिवशी शेत नांगरू नये, खणू नये, घरात काही चिरू नये, तवा चढवू नये असे दंडक पाळत. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्ले मेली, ही कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. या आचाराचा गाभा एका शब्दात सांगायचा, तर ‘हात लावू नका’ असा आहे. पाटावर चंदनाचा नाग काढायचा, लाह्या वाहायच्या आणि खऱ्या नागाला त्याच्या बिळात राहू द्यायचे.

पण याच जिल्ह्यात दुसरी परंपराही वाढली आणि ती जगप्रसिद्ध झाली. मोरणेकाठचे बत्तीस शिराळा. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. नागपंचमीची येथली कथा अशी : गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी आले असता गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून तिला उशीर झाला. नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून शिराळकर पंचमीपूर्वी रानातून नाग पकडून आणू लागले, ते मडक्यांत ठेवू लागले, घरोघरी पूजू लागले, अंबामातेच्या देवळाकडे मिरवणुकीने नेऊ लागले आणि नंतर पुन्हा रानात सोडू लागले. गारुड्यांप्रमाणे ते नागाचे दात पाडत नसत, विषाच्या पिशव्या काढत नसत. ही गोष्ट शिराळकर अभिमानाने सांगत आणि तो अभिमान खोटा नव्हता.

मला येथे त्या मडक्याविषयी बोलायचे आहे. कच्च्या-पक्क्या मातीचे, पाझरणारे, अंधारे, तोंडाला फडके बांधलेले मडके आणि त्यात श्रावणातली दमट हवा. नकळत का होईना, ते छोटेखानी वारूळच झाले. बंदिस्त सापाला काय लागते याची काही जाण त्या निवडीत होती, असे म्हणायला जागा आहे. पण मडक्यातून काढून वाहनावर चढवलेला, गर्दी आणि वाद्यांच्या कल्लोळात तासन् तास फणा काढायला लावलेला नाग वेगळा. त्यात एखाद्याचे डोळे कातीने दुधाळ झालेले असतील, तर त्याला समोरचे धड दिसतही नाही. अशा वेळी साप बिथरतो, भितो, चावायला धावतो. प्रेक्षकाला मात्र तो ‘तेजस्वी’ वाटतो.

गारुड्यांच्या नागांची अवस्था याहून वाईट. नागपंचमीच्या आधी त्यांना अनेक दिवस पाण्यावाचून ठेवले जाई, आणि पुष्कळ ठिकाणी आजही ठेवले जाते. म्हणजे दारात वाटी ठेवली की नाग दूध ‘पितो’. साप दूध पचवू शकत नाही. तो पितो ते तहानेपोटी. शिवाय दात उपटलेले, कधी तोंड शिवलेले, डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर हळद-कुंकवाचा लेप. आता कातीच्या बाजूने विचार करा. कात सुटण्यासाठी शरीरात पाणी हवे आणि नाकाशी कातीची कड मोकळी हवी. येथे पाणी तोडले आहे आणि तोंडच जखमी केले आहे. भक्तीच्या नावाने सापाची कात अडवण्याची याहून परिपूर्ण पद्धत शोधूनही सापडणार नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र बदलायला सुरुवात झाली. शिराळ्यातही पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. लोकांनी पुन्हा मातीचा नाग हाती घेतला, म्हणजे महाजनांच्या घरातली कथा जेथे सुरू झाली होती तेथेच परतली. गावात याची खंत अजून आहे आणि ती समजून घ्यावी अशीच आहे. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी म्हणून २१ नाग मोजक्या दिवसांपुरते पकडण्याची परवानगी शिराळकरांना दिली. मिरवणूक, खेळ, स्पर्धा यांना मनाई कायम ठेवून. माझे मत विचाराल तर, शिराळ्याच्या नाग पकडणाऱ्यांकडे सापाच्या वागण्याची जी माहिती पिढ्यान् पिढ्या साचली आहे ती लिहून ठेवली पाहिजे. तिच्यासाठी नाग मिरवण्याची गरज नाही.

आता शास्त्राचा टप्पा. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. तिच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने १९०५ पासून भारतातल्या नेहमीच्या सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली आणि साप मारण्यापलीकडे जाऊन त्याचा अभ्यास कसा करावा याचा पाया घातला. परळच्या हाफकिन संस्थेत विषासाठी साप पाळले जाऊ लागले. तेथे काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले.  पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले आणि १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. साप कायमचा बंदिस्त ठेवून, तरीही निरोगी राखण्याची जबाबदारी महाराष्ट्रात लोकांसमोर आली ती अशा ठिकाणी.

कातीच्या आतल्या यंत्रणेचा उलगडा याच सुमारास झाला. पॉल मॅडरसन या संशोधकाने १९६५ मध्ये सापाच्या त्वचेचे सूक्ष्म छेद तपासून कात टाकण्याच्या चक्राचे सहा टप्पे मांडले. पहिला विश्रांतीचा. नंतर जुन्या त्वचेच्या खाली नवी त्वचा थराथराने तयार होते. जुनी वर असतानाच. म्हणजे काही दिवस साप दोन त्वचा एकावर एक घालून वावरत असतो. मग दोहोंमधला सांधा सुटा होऊ लागतो, रंग फिका पडतो, डोळे दुधाळतात. आश्चर्य असे की, कात निघण्याच्या आधी दोन-चार दिवस डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवशिके पाळणारे येथेच फसतात : डोळे निवळले, म्हणजे कात टाकून झाली असेल, असे समजून सापाला हाताळतात किंवा खायला देतात. खरी कात त्यानंतर पडते.

आणि घाई का करायची नाही, याचे उत्तर आणखी दोन प्रयोगांत आहे. १९७२ मध्ये खवले नसलेला, जन्मतःच तसा निपजलेला एक साप तपासला गेला. त्याच्या अंगातून पाणी उडून जाण्याचे प्रमाण खवल्यांच्या सापाइतकेच निघाले. मग पाणी अडवते कोण? १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि लिलिव्हाइट यांनी दाखवले की, त्वचेतल्या स्निग्ध द्रव्यांचा थर ते काम करतो; कातीतून ही द्रव्ये काढून टाकली की तिच्यातून पाणी कितीतरी पटींनी झिरपू लागते. प्रत्येक कातीबरोबर साप हा जलरोधक थर नव्याने घडवत असतो. तो पुरा होण्याआधी वरची त्वचा ओरबाडली, तर खालची कोवळी, अपुरी त्वचा उघडी पडते. ती फाटते, चिघळते आणि आधीच कोरडा पडलेला साप आणखी पाणी गमावतो.

हे सगळे माधवनगरच्या त्या पेटीला लावून पाहू. पेटीच्या झाकणाला सगळीकडून जाळी, तळाला वर्तमानपत्र, वरून तापवणारा दिवा, एक लहानशी पाण्याची वाटी, आणि दिवस एप्रिलचे. म्हणजे जतचा माळ आहे, पण वारूळ नाही.

तेव्हा त्याला सुचवले ते असे. आधी वारूळ कर. झाकणाचा, एका बाजूला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा घे. त्यात नारळाचा भुगा किंवा शेवाळ भिजवून, मुठीत घट्ट पिळून भर. दमट हवे, चिखल नको. डबा पेटीच्या कोमट भागात ठेव. साप आपणहून आत जाईल, केव्हा बाहेर यायचे हेही तोच ठरवील. या जातीला एरवी पन्नास-साठ टक्के आर्द्रता पुरते. कातीच्या दिवसांत ती सत्तरच्या आसपास राहू दे. वीस रुपयांच्या अंदाजावर राहू नकोस, मोजणारे साधे यंत्र मिळते. पाण्याचे भांडे इतके मोठे ठेव की, सापाला त्यात पूर्ण बसता येईल. एक खरखरीत दगड आणि सालीसकट लाकडाचा तुकडा आत ठेव. प्लिनीचे काटेरी झुडूप समज.

अंगावर राहिलेल्या ठिगळांसाठी : हवेशीर झाकणाच्या डब्यात कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकेच, आणि सापाच्या निम्म्या जाडीइतके खोल. त्यात त्याला वीस-तीस मिनिटे राहू दे. तोवर तेथून हलू नकोस. मग ओला, जाडसर पंचा घडी करून हातात सैल धर आणि सापाला त्यातून आपणहून सरपटत जाऊ दे. पंचा खरखरीत मातीचे काम करील, तू फक्त वारुळाची भिंत हो. एकदा नाही निघाली, तर उद्या पुन्हा. शेपटीच्या टोकाचे कडे मात्र दुर्लक्षू नये. ते आवळत जाते, रक्त थांबते आणि टोक काळे पडून गळते. म्हणून तेथे रोज लक्ष हवे. तेल, मलम, साबण काहीही लावायचे नाही. आणि डोळ्याला बोटही नाही. राहिलेली काच काढण्याच्या प्रयत्नात खालचा डोळा जाऊ शकतो. ते काम सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याचे आहे. ओलावा पुरेसा असूनही कात वारंवार तुकड्यांत निघत असेल, तर गोचिडांसारखे बारीक परजीवी, उपासमार किंवा आजार हे कारण असू शकते, तेव्हाही वैद्यच.

निघालेली कात फेकण्याआधी उलटून पाहायची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही सवय जड जाऊ नये : हाती आलेले साधन आधी पूर्ण आहे का, हे तपासायचे. डोक्याच्या भागात दोन गोल, स्वच्छ काचा दिसल्या पाहिजेत. शेपटीचे टोक बंद, अणकुचीदार हवे. लांबी मात्र मोजून फुशारकी मारू नये. खवल्यांमधल्या घड्या ताणल्या जातात, त्यामुळे कात सापापेक्षा लांबच भरते. वारुळापाशी सापडलेल्या ‘दहा फुटी नागा’च्या पुष्कळ गोष्टींचा उगम या घड्यांत आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सारे परदेशी जातीच्या, कायदेशीर रीतीने घेतलेल्या सापाविषयी आहे. अशा प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. आपल्याकडची धामण, दिवड, नाग किंवा अजगर घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शेतात डोळे दुधाळ झालेला साप दिसला, तर तो आजारी नाही, आंधळा झालेला नाही. त्याला उचलायचे नाही, पाणी शिंपडायचे नाही, दूध तर नाहीच. चार पावले मागे सरून वाट मोकळी करून द्यायची. बांधावरचे वारूळ ट्रॅक्टरने सपाट करण्याआधी त्यात कोण कोण राहते, याचा विचार जमला तर जरूर करा. आमच्या भागात अशी वारुळे झपाट्याने कमी होताना मी पाहतो आहे.

काल माधवनगरहून दुसरे छायाचित्र आले. डब्यातल्या ओल्या भुग्यावर कातीचे चार-पाच मोठे तुकडे पडले आहेत, शेपटीचे कडे तिसऱ्या दिवशी पंचात निघाले, पाठ चकचकीत आहे. त्याने सगळे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडून डोक्याचा भाग शोधला आणि उजेडात धरून पाहिला. त्यात काच एकच आहे, उजवीकडची. डावी अजून डोळ्यावरच आहे. सोमवारी तो सापाला घेऊन पशुवैद्याकडे जाणार आहे. तोवर ओला डबा तसाच ठेवला आहे आणि चिमटा आईच्या शिवणाच्या पेटीत परत गेला आहे.